अस्तर लावलेलं ऊन

नसीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलंब्रीहून शहराकडे येणाऱ्या बसमध्ये होते. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा, सलमाआपाचा. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "कापड नाय आलं शेवटपर्यंत. वाट बघत गेली." त्या कापडाची हकिकत सांगितल्याशिवाय आपाबद्दल गोड काही लिहायला माझा हात धजत नाही.

शहराच्या छावणी भागातल्या घरात आपा हिमरू विणायची, पण शाली नाहीत. हिमरूत नक्षीचा जादा धागा मागच्या बाजूनं मोकळा धावतो. शाल दाखवताना ती बाजू लपवतात. आपा नेमकी तीच पुढं आणायची, आणि काही ठिकाणी धागे मुद्दाम सोडून द्यायची. भिंतीवर टांगलं तर ते कापड अर्धवट, विटकं दिसे. पूर्वेच्या खिडकीत टांगलं की सोडलेल्या जागांतून ऊन शिरे आणि दाट धाग्यांतून चित्र उभं राही. म्हणून तिचं काम बघायला सकाळीच जायचं. संध्याकाळी आलेल्याला, तो कितीही मोठा असो, चहा मिळे, कापड नाही.

वडिलांच्या मोर्च्यांची पत्रकं वाचत मी मोठी झाले, म्हणून ती मला पत्रकवाली म्हणायची. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, यात विणकरांचं दुःख कुठंय? आपा हसली. "आधी बस तर, पत्रकवाली. ऊन चढू दे. दुःख कुठं पळून चाललंय?" मी बसले... कापडात हळूहळू एक बाई दिसू लागली, मागावर वाकलेली. ऊन सरकलं तशी तीही गेली.

हेच कापड शहरातल्या एका कलादालनानं संग्रहासाठी मागून नेलं. खिडकीत लावू, असा शब्द दिला. उद्घाटनाला आम्ही तिघी गेलो, तर कापड आतल्या भिंतीवर, वरून दिवा सोडलेला, आणि मागून जाड काळं अस्तर शिवलेलं. "धागे फार सुटे होते, मजबूत करून घेतलं," व्यवस्थापक कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले. आपानं कोपरा उलटून पाहिला.

"मैं जिंदी हूं ना अभी? मग कफन कायला शिवलं?"

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग तिनं एकच धोशा लावला: कापड घरी द्या, माझ्या हातानं अस्तर उसवते. उत्तर दर खेपेला तेच, की उसवताना खराब होईल, जतन करणं आमची जबाबदारी आहे. मी चिडून लेख लिहिला. कुणी हललं नाही. आपानं मात्र उसवायची बारीक कात्री खिडकीत काढून ठेवली. आजारपणात खाटही तिथंच ओढून घेतली.

शोकसभा त्याच दालनात झाली. मंचामागं तेच कापड, अस्तरासकट. वक्ते तिला प्रकाशाची कलावंत म्हणत होते. मी उठून अस्तराचं विचारलं. "ही वेळ नाही," व्यवस्थापक हळूच म्हणाले. आपा जिवंत असतानाही ती वेळ नव्हती... सलमाआपानं माझा हात धरला. "चल बेटा. इथं अंधार लई हाय."

परवा सकाळी आपाच्या घरी गेले. खिडकीची दांडी रिकामी आहे. सलमाआपानं पडदा लावू दिलेला नाही. कात्रीला गंज चढू नये म्हणून ती तेल लावून पुन्हा जागच्या जागी ठेवते. ऊन आलं, कुठंही न अडता समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. आम्ही दोघी ते सरकेपर्यंत बसून राहिलो. फरशीवर कात्रीची तेवढी सावली पडली होती, तोंड उघडं असलेली.