तळ्यातली आवडी

भात उकडतानाचा तो ऊन, गोडसर, किंचित कुबट वास आजही कुठे आला, की मी आमच्या खळ्यात जाऊन पोचते. मार्गशीर्षातली कोवळी उन्हं खळ्यात उतरलेली असत, चुलाणावरच्या भांड्यातून वाफ चढत असे आणि आमच्याकडे भात उकडायला येणारी सगुणा, जळतं लाकूड आत सारता सारता, काणी, म्हणजे गोष्ट, सांगत असे. ती माझ्या आईहून थोरली. तरी आम्ही पोरंसोरं तिला अगं-तुगंच करायचो. ती कधी पडवी चढली नाही, आणि का चढत नाही हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

गावच्या तळ्याची काणी तिच्याकडे होती, तशी आमच्याकडेही होती. आमच्या घरात सांगत, की तळं खणलं पण पाणी लागेना, देवाने माणूस मागितलं, तेव्हा आमच्या घराण्यातली थोरली सून हळदकुंकू लेऊन आपल्या पायांनी तळाशी उतरली. म्हणून चैत्रात तळ्याला पहिली ओटी आमची. सगुणाच्या काणीत सून नव्हतीच. तिथे तळं खणणाऱ्या तिच्या पूर्वजांची सात वर्षांची आवडी होती. तिला नवा परकर नेसवला, हातात दिवा दिला, खाली ठेवून ये म्हणून धाडलं, आणि वर तिच्या आईला चौघांनी धरून ठेवलं. इथवर आली की सगुणा चुलाणात आणखी एक लाकूड सारी.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी कणकवलीला कॉलेजात होते आणि वार्षिक अंकासाठी लोककथा लिहून आणायच्या होत्या. सगुणाच्या माणसांना तळ्याच्या पायऱ्या उतरू देत नसत. आवडीच्या नावाने एक ओटी वाहू द्या, असं ती वर्षानुवर्षं विनवत होती. “तिचा नाव घाल हां गो बाये,” सगुणा म्हणाली. “कागदार इला तर आमची पण ओटी तळ्याक जायत.”

मी लिहिलेलं वडिलांनी वाचलं आणि हसले. “तेंचा चेडू देवाक चलता खंय गो?” आणि त्यांची मुलगी देवाला चालत नाही, हे समतेवर निबंध लिहून शाबासकी मिळवणाऱ्या मला पटलं. पटलं कसलं, सोयीचं वाटलं. मी आवडी काढली, सून घातली, भाषा शुद्ध केली, आणि खाली इमानाने लिहिलं, ‘सांगणारी : सगुणा’. जळलं मेलं ते इमान! मरणातसुद्धा पंगती असतात, बळी जायलाही कूळ लागतं, हे त्या दोन काण्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर कुणालाही दिसलं असतं. मी शेण खाल्लं.

आवडीचं नाव छापून आलंय या भरवशावर चैत्रात सगुणाच्या माणसांची ओटी निघाली, तेव्हा मानकऱ्यांनी अंकच पुढे धरला. तुमच्याच सगुणाने सांगितलंय, वाचा! ओटी वाटेवरूनच परतली. दुसऱ्या दिवशी सगुणा आमच्या खळ्यात आली. तोंड सोडलं असतं तर बरं झालं असतं. “बाये, माझ्याच तोंडान तिका पुसलंस गो,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा कामाला आली नाही.

भाद्रपदात धीर करून मी तिच्या घरी गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे म्हाळ होता. पितरांच्या पानांशेजारी एक लहान पान वाढलेलं होतं, आवडीचं. मी रडले, चुकले म्हणाले, पुढच्या अंकात सगळं खरं लिहीन म्हणाले. तिने पदराने माझे डोळे पुसले, खाली बसवलं आणि माझ्यापुढे पान मांडून गरम वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. “जेव गो. सकाळपासना उपाशी दिसतंस.”

खरंच उपाशी होते. आणि मी ठरवलेलं नसताना, कुणी शेजारी उभं राहून शिकवत नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं, “नको, मी जेवान इलंय.”

“बरां,” सगुणा म्हणाली, “सांबाळून जा, वाट निसरडी आसा.” ती रागावली नाही. तिला नवलसुद्धा वाटलं नाही.