शंकर-धन्नूवाले आबा

पुसेगावच्या आबांनी मला आयुष्यात कधी ‘कसा आहेस?’ असं विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. तट्टावरून उतरता उतरताच त्यांचा प्रश्न यायचा, “बोल, जोडी कोणती?” समोरचा माणूस ओळखीचा असो, नसो, हिंगोलीचा असो की परभणीहून कोर्टाच्या कामाला आलेला असो, त्याला उत्तर द्यावंच लागे. ‘शंकर-धन्नू’ असं उत्तर आलं की आबा त्याला हाताला धरून हॉटेलात नेत आणि चहा पाजत. दुसरं काही उत्तर आलं तरी हॉटेलात नेतच, फक्त मग त्या माणसाची लवकर सुटका होत नसे.

हे सगळं फुटबॉलपायी. हिंगोलीची पलटण कधीच निघून गेली होती, पण तिच्या मागे छावणीचं मैदान राहिलं होतं आणि त्या मैदानावर आमचा सितारा क्लब खेळत होता. क्लबात कापसाच्या जिनातले कामगार होते, कचेरीतले कारकून होते, शाळेतले मास्तर होते, खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं होती. मी इनसाइड लेफ्ट खेळायचो. निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असे, आणि दर शुक्रवारी आबा पुसेगावहून तट्टावर बसून मॅचला हजर. त्यांनी स्वतः जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता. घरची जमीन बऱ्यापैकी, भाऊ कष्टाळू, त्यामुळे शेत आबांवाचून अडत नव्हतं. मॅच मात्र अडायची, निदान त्यांचा तरी तसा समज होता. मैदानाच्या कडेने ते बॉलच्या बरोबरीने धावत. आवाज असा खणखणीत की समोरच्या टीमचा गोलकीपर बॉलकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत राही.

सितारा क्लबात दोन जोड्या गाजल्या. पहिली शंकर आणि धन्नू यांची. शंकर जिनाच्या प्रेसमध्ये गाठी उचलायचा, छाती कपाटासारखी. तो सेंटर फॉरवर्ड. धन्नू आखाडा बाळापुराकडच्या तांड्यावरचा, अंगाने काटक, अनवाणी खेळणारा. त्याच्या डाव्या पायात बॉल गेला की तो पायाला चिकटूनच राही. दुसरी जोडी त्यांच्यानंतरची, बाबू आणि मास्तर. बाबू कचेरीत चपराशी, मास्तर खरोखरचे ड्रॉइंगमास्तर. दोघे एकाच गल्लीत वाढलेले, पास असे नेमके देत की बघणाऱ्याला वाटावं दोरी बांधली आहे.

आबा शंकर-धन्नूचे. बाबू-मास्तरची बाजू इंजनचाचांची. चाचा जिनातलं इंजन चालवायचे, सगळा गाव त्यांना इंजनचाचा म्हणे. तेलकट पायजमा, पांढरी दाढी, डोळ्यांत कायम मिस्किली. आबा आणि चाचा हॉटेलातल्या बाकावर समोरासमोर बसत, टेबलावर सरकीचे दाणे मांडून जुने गोल पुन्हा मारत. “हा शंकर. हा धन्नू. मधी दोन बॅक. आता बघा!” असं म्हणून आबा दाणा सरकवत, आणि चाचा शांतपणे तो दाणा उचलून तोंडात टाकत. “आऊट हो गया मियां, लाइन के बाहर था.” आबा उभे राहत, चाचा हसत, चहा सांडत असे. भांडून उठले की आबांच्या तट्टाचा लगाम चाचा धरत, आणि आबा वर चढून बसले की म्हणत, “घर को जाके सोचो. बाबू-मास्तर.” आबा वेशीपर्यंत मागे वळून ओरडत जात.

आबांच्या लेकीला बघायला सेनगावकडून एक मुलगा आला होता, त्याची गोष्ट पुसेगावात अजून सांगतात. पोहे झाले, पानसुपारी झाली, आणि आबांनी त्या मुलाला विचारलं, “शंकर-धन्नू का बाबू-मास्तर?” घरातल्या बायकांनी कपाळाला हात लावला. मुलाने दोन्ही जोड्या पाहिल्या होत्या. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “बाबू-मास्तर.” आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले, मग भावाला म्हणाले, “पोरगं भिऊन खोटं बोललं न्हाई. देऊन टाका पोरगी. खेळ काय, शिकवू हळूहळू.”

मलाही एकदा मोह झाला. मी आणि क्लबातला युसूफ तेव्हा बरे खेळत होतो, वसमतच्या टीमला आम्ही दोघांनीच हरवलं होतं. मॅच संपल्यावर मी विचारलं, “आबा, आमची जोडी कशी काय?” आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुमची? तुमी दोघं गुणाची लेकरं हाईत,” ते म्हणाले आणि तट्टाला दाणा घालायला निघून गेले.

या साऱ्या वादात एक मोठी अडचण होती. शंकर आणि धन्नू एकमेकांशी बोलत नव्हते. परभणीच्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी धन्नू गोलसमोर मोकळा उभा होता, आणि शंकरने पास न देता स्वतः बॉल मारला. बॉल दांड्याला लागला. मॅच गेली. धन्नू सगळ्यांदेखत म्हणाला, “तुला माझा भरवसा न्हाई.” शंकर म्हणाला, “गोल मारणारा मीच हाय.” धन्नूने तिथेच पाठ फिरवली, तांड्यावर गेला आणि शेतीला लागला. आबांनी ही गोष्ट कधी काढू दिली नाही. पण एका शुक्रवारी चाचांनी ती काढलीच. “जो जोडी आपस में बात नै करती, वो जोडी कायकी?”

आबांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “मैदानात सोडा चौघाला. अर्धा तास. तुमचे दोन इकडं, माझे दोन तिकडं. बाकीची पोरं वाटून घेऊ. होऊन जाऊ द्या!”

शंकर तयार झाला. तो नुसता मान हलवून “येतो” म्हणाला. धन्नूला आणायला आबा स्वतः निघाले आणि सोबत मला घेतलं. सर्व्हिस मोटारीने बाळापूर आणि तिथून पायी तांडा. धन्नू हळद शिजवत होता. कढईतून वाफा निघत होत्या, त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. त्याने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “आबा, जेवा, मुक्काम करा. पण शंकरचं नाव काढू नका.”

“मी शंकरसाठी आलोच न्हाई,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. “मी माझ्यासाठी आलो. इतकी वर्षं छाती ठोकून सांगून राहिलो, का अशी जोडी झाली न्हाई. लोक हसून राहिले मला. आता तूच सांग, मी खरा का खोटा?”

धन्नू कढईकडे वळला. त्याची बायको चुलाण्यात काटक्या सारत होती, तीच बोलली. “काहून गप बसले? आबा, रोज शेतात ढेकूळ दिसलं का डाव्या पायानं मारतेत. बैल थांबून बघतेत यांच्याकडं. घेऊन जा यांना.”

धन्नू लाजला. मग हसला. आम्ही समजलो.

त्या शुक्रवारी छावणीच्या मैदानावर जी गर्दी लोटली तशी मी नंतर पाहिली नाही. जिनातले झाडून सगळे कामगार आलेले, शाळेची पोरं लिंबाच्या झाडांवर चढलेली, कचेरीतले साहेब खुर्च्या घेऊन आलेले. मी शंकर-धन्नूच्या बाजूने होतो, युसूफ समोरच्या. शंकरचं पोट सुटलं होतं. धन्नूच्या हातांचा पिवळा रंग गेलेला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

खेळ सुरू झाला आणि लगेच दिसलं, की आपलं काही खरं नाही. शंकर बॉल मिळाला की एकटाच घुसायचा. धन्नू बॉल मिळाला की माझ्याकडे द्यायचा. तिकडे बाबू आणि मास्तर जणू कालच शेवटची मॅच खेळले होते. पहिला गोल मास्तरांचा, दुसरा बाबूचा. “दो! दो!” असा गलका झाला. मी कडेला बघितलं तर आबा मैदानाकडे पाठ करून खाली बसले होते. डोकं दोन्ही हातांत. त्यांना बघवत नव्हतं.

त्यांच्याशेजारी इंजनचाचा उभे होते. जिंकत होते ते चाचा. पण मित्राची ती पाठ बघून त्यांना राहवलं नाही. ते आबांना खेळ सांगायला लागले. पुढचं मी पायाने खेळलो आणि कानाने चाचांकडून ऐकलं.

“आबा, सुनो. मास्टर के पास बॉल... गया, निकल गया. धन्नू के पास आया. एक को काट्या. दूसरे को काट्या. अरे, इसके पाँव में तो अभी बी वोच है! गोल को पीठ करके खड़ा है, कायकू खड़ा है? मार नै रा... पीछे देख्या बी नै, एडी से दिया...”

शंकर तिथे होता. त्याला कुणी हाक मारली नव्हती, धन्नूने मान वळवली नव्हती. तरी शंकर तिथे पोचला होता. त्याने असा काही बॉल हाणला की गोलकीपर हात वर करायचाही विसरला. आणि मैदानाच्या कडेला दाढी फडफडवत इंजनचाचा उडी मारून ओरडत होते, “गोल! गोल! शंकर, जियो मेरे शेर!”

आबांनी डोकं वर केलं. “कुणी मारला?”

“शंकर ने! धन्नू ने दिया! उठो, देखो!”

मग आबा उठले आणि पुढची दहा मिनिटं मैदानावर काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. त्या दोघांना एकमेकांची सावलीसुद्धा कळत होती. धन्नू डावीकडे निघाला की शंकर उजवीकडे सरके, आणि बॉल मधल्या मोकळ्या जागेत आपोआप येऊन पडे. मी नुसता बाजूने धावत होतो आणि वेड्यासारखा हसत होतो. शेवटी शंकर गोलसमोर एकटा होता, हाणला असता तर गोल पक्का. त्याने हाणला नाही. त्याने बॉल हळूच बाजूला धन्नूकडे सरकवला. धन्नू क्षणभर बॉलकडे बघतच राहिला, मग डाव्या पायाने नुसता ढकलला. दोन-दोन. शिटी झाली.

लोक मैदानात घुसले. त्या गर्दीत मी दोघांच्या जवळच होतो. शंकर धापा टाकत म्हणाला, “परभणीला बी असाच द्यायला पाहिजे होता.” धन्नू म्हणाला, “व्हय. पाहिजे होता.” मग दोघे हॉटेलात जाऊन एका बाकावर बसले. मॅच बरोबरीत सुटली, म्हणजे वाद काही सुटला नाही, आणि याचा सगळ्यात जास्त आनंद आबांना आणि चाचांना झाला. पुढच्या शुक्रवारी सरकीच्या दाण्यांना चार नवे गोल मारायला मिळाले.

पुढे अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही महिने गावोगावची माणसं जीव मुठीत धरून होती. आज एक पळे, उद्या दुसरा. सितारा क्लबच्या मॅची थांबल्या. चाचांचा मुलगा हैदराबादला नोकरीला होता, तो त्यांना न्यायला आला. आबांना कळलं तसे ते तट्टू दामटत आले. “पुसेगावला चला, चाचा. घर मोठं हाय आमचं. कोण बोट लावतो बघतो मी.”

चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “घर बड़ा है आबा, हौ. मगर लड़के का दिल नै मानता.”

स्टेशनावर मीही होतो. चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर एक गाठोडं. आबा खिडकीचा गज धरून उभे. गार्डाने शिटी दिली तेव्हा आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “चाचा, एक सांगतो. खरं तर... बाबू-मास्तरच.”

चाचा ताडकन उठले. “क्या बोले?”

“बाबू-मास्तर. तुमचंच बराबर होतं.”

“झूठ!” चाचा कडाडले. “मेरेकू खुश करने को झूठ बोलते? मैं अपनी आँख से देख्या. वो एडी का पास! ऐसा पास बाबू देगा? सात जनम में नै देगा! शंकर-धन्नू, आबा, शंकर-धन्नू!”

“न्हाई! मास्तरचा तो पहिला गोल काय साधा होता का?” आबा गाडीबरोबर चालू लागले. “दोन बॅक गुंडाळले त्यानं!”

“शंकर ने तीन गुंडाले!”

गाडीने वेग घेतला. आबा फलाटावर धावत होते, चाचा खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, आणि दोघेही एकमेकांच्या बाजूने जीव तोडून भांडत होते. मुलाने मागून चाचांचा सदरा धरला होता. फलाट संपला तिथे आबा थांबले. गाडी पूर्णा जंक्शनच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली तरी त्यांचे ओठ हलतच होते.

क्लब पुन्हा उभा राहायला बरेच महिने गेले. मग एका शुक्रवारी आबा आले, हॉटेलात शिरले आणि चाचा बसायचे त्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “काही म्हणा आबा, शंकर-धन्नूसारखी जोडी नाही.”

आबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

“काहून? बाबू-मास्तरमधी काय कमी होतं?” ते म्हणाले आणि पुढचा दीड तास त्यांनी बाबू-मास्तरची बाजू अशी लढवली, चाचांच्या एकेका मुद्द्यासकट, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मी मध्येच विचारलं, “आबा, तुम्ही तर शंकर-धन्नूवाले ना?”

“त्यांच्या बाजूनं बोलायला हिंगोलीत पुष्कळ माणसं हाईत,” आबा म्हणाले. “चाच्याकडून कोण बोलणार?”

पुढची सगळी वर्षं, अगदी तट्टावर बसवेना तोपर्यंत, ते चाचांकडूनच बोलत राहिले.