जात्याचा वरचा दगड

आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. चुकल्यास क्षमा असावी. परवा वर्गात मास्तरांनी एकमेकांवाचून अडणाऱ्या विरुद्ध गोष्टी विचारल्या. कोणी दिवस-रात्र म्हणाले. मला आमचे जाते आठवले, खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. पण बोलायला धजलो नाही. मी लहान असताना या परक्या बेटावरच्या पितों गावच्या उसाच्या मळ्यावरचा मजुरीचा करार संपला, तेव्हा वडिलांनी कोकणात परतायला गाठोडे बांधले. आईला इथेच राहायचे होते. ती जात्याचा वरचा दगड काढून त्यावरच बसली. "अगं ऊठ, जहाज सुटेल." "सुटू दे. खालचा न्या तुम्ही, दळा एकटेच!" बाहेर गाडीवान हाका मारत होता. वडिलांनी खरोखरच खालचा दगड खांद्यावर घेतला आणि एकटेच निघून गेले. आज जहाजातून उतरलेल्या कोकणातल्या गाववाल्याने सांगितले: वडील वारले, पण त्या खालच्या दगडावर दुसरा वरचा दगड त्यांनी शेवटपर्यंत कधी बसवू दिला नाही.