सायवेराचा लाल

रंग ओळखण्यात आपल्या तोडीचा माणूस अख्ख्या चेन्नईत नाही, असं माझ्या बायकोचे मामा ठणकावून सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, नुंगंबाक्कममध्ये बिऱ्हाड, कारकुनीतून निवृत्ती आणि वेड एकच: ज्या झाडांपासून कापडाचे रंग निघत, त्यांची जुनी चित्रं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग एकेक हाताने रंगवलेली. नवं चित्र आलं की सकाळी सातला वेलचेरीत माझ्या घरी फोन खणखणतो. "जावईबापू, नीळ आली! लवकर या पा!" शेवटी तो तमिळ लाडाचा 'पा' आणि घरात बाळ जन्मल्यासारखा आवाज!

चित्र खऱ्या झाडाशी ताडल्याशिवाय मामा ते भिंतीवर लावत नाहीत. सायवेर नावाचं एक बारकं झुडूप वाळूत वाढतं आणि त्याच्या मुळातून लाल रंग निघतो. त्याचं चित्र मिळायच्या आधीच, केवळ तयारी म्हणून, त्यांनी मला बसने एन्नोरच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. भर उन्हात दोघं चमच्याने वाळू उकरताना पाहून एका कोळिणीने तमिळमध्ये विचारलं, काय हरवलं? "हरवलं नाही, सापडलं!" मामा तमिळमध्येच ओरडले आणि मूळ हातात धरून चक्क नाचले.

गेल्या वर्षी ते चित्र खरोखर आलं. विक्रेत्याने टेबलावर ठेवलं, मामांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हा लाल नव्हे. तपकिरी आहे. कोण्ही तरी मागाहून रंगवलेलें." मला तर चित्रातलं मूळ चांगलं लालभडक दिसत होतं, पण मामांपुढे मी रंगाबद्दल काय बोलणार? चित्र परत गेलं.

चार महिन्यांनी मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरभर आरडाओरडा! "अय्यो, नीळ किती निळी आहे, पाहा!" भिंतीवरच्या प्रत्येक चित्रापुढे उभे राहून ते टाळ्या वाजवत होते. मग एकदम थांबले आणि चप्पल घालून थेट विक्रेत्याकडे निघाले. मीही मागोमाग. चित्र केव्हाच विकलं गेलं होतं, परदेशात.

परतताना रिक्षात मामा माझ्याकडे वळले.

"तुम्ही होते ना तेव्हां? कसा होता लाल?"

"फार सुंदर होता, मामा. अगदी खरा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग सांगितलें कां नाहीं पा?"