रुखवतात नको असलेली रेकॉर्ड

सबंध नगर जिल्ह्यात त्या रेकॉर्डचा चाहता मी एकटाच होतो, आणि तेवढ्यानंही पुरेसं नुकसान झालं.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबानं बदली झाल्यावर सामान विकायला काढलं, त्यातून मी ती आणली. विलायती रॉक, पण सुटी गाणी नव्हेत, दोन्ही बाजू मिळून एकच कथा! एक राजा समुद्रात बुडतो आणि मासा होऊन राज्य करतो. (विलायतेतही ती कुणी घेतली नाही म्हणे. त्यामुळे मला जास्तच उमाळा!) मध्ये थांबवायची नाही, बोलायचं नाही, हा माझा नियम.

माझ्या बहिणीला, सुशीलाला, बघायला मिरजगावचे पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे मामा. आधीची दोन स्थळं हुकलेली, वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जीव टांगणीला. आमचं घर किती रसिक आहे हे पाहुण्यांना कळावं, म्हणून मी रेकॉर्ड लावली!

"मुलीचं नाव काय म्हनायचं?" मामांनी विचारलं.

"शू! राजा बुडतोय!"

"आँ? मग काडा की त्येला!"

सुशीला पोहे घेऊन दारात आली. नेमकी बासरी सुरू! मी हातानंच तिला थोपवलं. पोहे निवत गेले. अण्णा मला डोळ्यांनी खात होते. एकाएकी रेकॉर्डमध्ये शांतता पसरली. मामांनी हायसं वाटून पाण्याचा पेला तोंडाला लावला, तोच ड्रम कोसळले! पाणी सदऱ्यावर!

"संपलं का?" अखेर मामांनी सदरा पिळत विचारलं.

"एक बाजू झाली. खरी मजा पुढंच!"

मी रेकॉर्ड उलटवायला उचलली. सुशीलानं ती माझ्या हातातून काढून स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर पोह्यांचा ट्रे!

"मी सुशीला. अकरावी पास. पोहे गार झालेत. आधी ते गरम करू, का भावाला बाहेर घालवू?"

"आधी भावाला," मुलगा पहिल्यांदाच बोलला.

मी ओट्यावर जाऊन बसलो. आत हसणं चाललं होतं. राजाची कुणी चौकशीसुद्धा केली नाही!

निघताना मामा अण्णांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. असल्या घरात डोकं शाबूत ठिवलंय, आमच्यात आरामात नांदंल. देन्याघेन्याचं काय बी न्हाई. फकस्त रुखवतात ती तबकडी ठिवू नका!"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्यांचं आनंदाचं होतं. मला मात्र बहिणीला द्यायला दुसरं काही सुचत नव्हतं!