कागदाची घडी

परळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढणारा तो माणूस वरळी कोळीवाड्यातला. हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून दर महिन्याला मी त्याच्यासमोर उघड्या अंगाने झोपतो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. जेल थंड लागू नये म्हणून तो ते आधी आपल्या तळहातावर घेतो. मग विचारतो, "काय काका, काल जेवायला काय? बांगडा?" माणूस घाबरला की रेघ थरथरते, म्हणून ही माशांची चौकशी. मशीनमधून कागदाची पट्टी निघाली की तिची चौकोनी घडी घालतो आणि म्हणतो, "वर डॉक्टरांना दाखवा." त्यापुढे एक अक्षर नाही.

एकदा मात्र त्याने घडी घातलीच नाही. ईसीजी पुन्हा काढला. "शर्ट राहू द्या, काका," म्हणाला आणि बाहेरची रांग तशीच सोडून स्वतः व्हीलचेअर ढकलत मला वर घेऊन गेला. लिफ्टमध्ये बोंबील कुरकुरीत कसे तळायचे ते सांगत होता, पण त्याची बोटं माझ्या नाडीवरून हलली नाहीत. ठोक्यांची लय कधीही बिघडेल अशी खूण त्या पट्टीत होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

हल्ली मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत नाही. त्याने घडी घातली की शर्टाची बटणं लावायला घेतो.