थकलेल्या पायांची जंप

त्या वर्षी आमची पॅराशूट पलटण उत्तरेतल्या ट्रेनिंग कॅम्पवर होती. मी हवालदार. माझ्या सेक्शनमध्ये नाईक ॲन्टन होता, समुद्रकाठच्या उत्तन गावचा. मी जवळच्याच नवघरचा. अख्ख्या पलटणीत या किनाऱ्याकडचे आम्ही दोघंच.

पहाटे साडेचारला रांगेत फॉल-इन, मग रन, मग जमिनीवर लँडिंगचा सराव. दोन्ही पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले. जमीन लागली की पोटरी, मांडी, कुशी असं लोळत जायचं. ताज्या पायांना हे जमतं. मांडीचे स्नायू दणका पिऊन टाकतात. थकलेले स्नायू तो घेत नाहीत, मग सगळा मार हाडांवर येतो.

त्या आठवड्यात दोन दिवस पाठीवर वजन घेऊन मार्च झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी जंप होती. विमानात माझ्या मांड्या थरथरत होत्या. हात ठेवून दाबल्या तरी थांबेनात.

ॲन्टन कानाशी वाकला. "दादा, पाय माझं वाटतच न्हाय."

"जंपमास्टरला सांगू?"

"तुझं सांगतोस काय?"

मी दाराशी उभ्या जंपमास्टरकडे पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. भित्रा म्हणतील, याची मला पडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

सहा चाळीसला हिरवा दिवा लागला. "गो."

एरवी छत्री उघडली की भीती संपायची. त्या दिवशी तिथून सुरू झाली. जमीन वर येत होती आणि गुडघे माझं ऐकत नव्हते. पाय टेकले, डावा गुडघा आत वळला, मी कोसळलो. पन्नास पावलांवर ॲन्टन उतरला. त्याचे पाय काठीसारखे ताठ होते. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी सरपटत गेलो. त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली होती. रक्त आतल्या आत जात होतं. रेडिओवर सांगितलं, "कॅज्युअल्टी वन. सीरियस. ॲम्ब्युलन्स."

"रॉजर. दहा मिनिटं."

"दादा, थंडी वाजते," ॲन्टन म्हणाला. मी त्याच्यावर छत्री पांघरली. ॲम्ब्युलन्स वेळेत आली. सात पस्तीसला, लांबच्या हॉस्पिटलच्या वाटेतच तो गेला.

आता मी गावाकडे, खारी गावाजवळच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. स्मॅश मारून उतरताना कुणाचे गुडघे आत वळायला लागले की सराव बंद करतो. पालक म्हणतात, "सर, मॅच जवळ आलीय, अजून अर्धा तास घ्या ना." मी घेत नाही. काही जणांनी मुली काढून नेल्या.

मेलेल्यांच्या सणाला दर नोव्हेंबरात उत्तनच्या चर्चच्या कबरस्तानात जातो. ॲन्टनची आई मेणबत्त्या लावत असते. इतकी वर्षं तिने काही विचारलं नव्हतं. यंदा विचारलं.

"घाबरलावता का रे तो?"

"हो, माय. पाय थकून गेले होते आमचे. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मीही घाबरलो होतो."

 तिने एक मेणबत्ती माझ्या हातात दिली.

"लाव," म्हणाली. "वारा हाय, हात आडवा धर."